कायमचा नरक, तात्या आणि आज्जीची कवळी

जास्वंदी (धागाकर्ती)

गेल्या मंगळवारी आमच्या शेजारचे तात्या गेले. कोल्हापुरात शाहूपुरी कुंभार गल्लीत आमची आणि त्यांची भिंत एकच. माळकरी माणूस. आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवली नाही आणि आमच्या नाताळच्या करंज्याही कधी चुकवल्या नाहीत. २०१९ च्या पुरात, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं त्या दिवसांत, त्यांच्या स्वतःच्या शेडमधले गणपती भिजून चिखल होत होते. ते तसेच टाकून त्यांनी माझ्या आज्जीला पाठीवर घेऊन बाहेर काढलं. कोरड्या जागी आणून बसवलं तर आज्जी रडायलाच लागली. कवळी घरात राहिली म्हणे. तात्या शिव्या घालत परत कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि कवळीची डबी घेऊन आले. आमच्याकडे दर पावसाळ्यात ही गोष्ट निघतेच.

त्यांना पंचगंगेवर पोचवून आलो. संध्याकाळी माझी भाची, वय वर्षे आठ, जेवायला बसेना. खूप खोदून विचारल्यावर म्हणाली, "मावशी, तात्या आता जळतायत का?" मला वाटलं चितेबद्दल विचारतेय. मेलेल्या माणसाला काही कळत नाही वगैरे सांगायला लागले. तर म्हणाली, "ते नाही गं. ते झाल्यावर. कायमचं."

मे महिन्यात ती सुट्टीतल्या बायबल वर्गाला गेली होती. कुठल्या ते लिहीत नाही, त्यावरून इथं भांडण नको. तिथं फळ्यावर दोन रस्ते काढले होते. एका टोकाला ढग, दुसऱ्या टोकाला ज्वाळा. प्रभूला स्वीकारलं नाही तर दुसरा रस्ता, आणि तिथून परत फिरता येत नाही. पोरगी हुशार. तिनं हिशोब केला की तात्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

मी मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेली आहे. विश्वास सुटलेला नाही आणि सोडायचाही नाही, त्यामुळे "म्हणूनच धर्म सोडा" छाप प्रतिसाद कृपया नकोत. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कधीच न संपणाऱ्या शिक्षेची शिकवण नीतीच्या कसोटीवर टिकते का? आणि त्याच्याही आधी, ह्या पोरीला आज रात्री काय सांगू?

पापाच्या_तिकटीवरून

पयला नंबर. आमचा आयडी बघा, ह्या इषयावर बोलायचा पयला मान आमचाच.

ताई, तात्यांचं वाचून वाईट वाटलं. आमच्यात माणूस गेल्यावर गरुडपुराण लावत्यात. आज्ज्याच्या येळंला मी धा वर्साचा. तेलाच्या कढईत तळत्यात हे ऐकलं आणि मी पुढं आठ दिस भजी खाल्ली न्हाईत. म्हंजे पोरांस्नी भ्या दावायचं काम सगळीकडंच चालतंय. फरक एवढाच, आमच्या कढईतनं कवातरी भाईर काडत्यात.

तर्कटी

धागाकर्तीच्या विनंतीला मान देऊन धर्म सोडा म्हणत नाही. फक्त हिशोब मांडतो.

शिक्षा आपण कशासाठी करतो? माणूस सुधारावा, बाकीच्यांना धाक बसावा, आणि धोकादायक माणूस मोकळा फिरू नये, म्हणून. नरक कायमचा असेल तर सुधारून उपयोग नाही, बाहेर सोडणारच नाहीत. धाकाचं म्हणाल, तर तिथं काय चाललंय ते जिवंत माणसाला दिसत नाही. आणि मोकळं फिरू नये एवढ्यासाठी कोंडून ठेवणं पुरतं, जाळावं लागत नाही. तीनही कारणं गेली. मागे उरतो तो फक्त सूड.

आणि प्रमाण बघा. ऐंशी वर्षांच्या आयुष्यात माणूस पाप करून करून किती करेल? कळंबा जेलमधल्या जन्मठेपेच्या कैद्यालासुद्धा पॅरोल मिळतो, आणि नाही मिळाला तरी त्याची शिक्षा त्याच्या मरणाबरोबर संपते. इथं मरणापासून शिक्षा सुरू होते.

वचनबद्ध

जास्वंदीताई, तात्यांबद्दल मनापासून सांत्वन. आधी एक सांगतो. आठ वर्षांच्या मुलांपुढे फळ्यावर ज्वाळा काढणं मलाही पटत नाही. मी स्वतः वीस वर्षं रविवारची शाळा घेतो, कधी काढल्या नाहीत.

पण शिकवण टाकून देणं इतकं सोपं नाही. नरकाबद्दल शुभवर्तमानात सगळ्यात जास्त कोण बोलतं? स्वतः येशू. मत्तय २५:४६ मध्ये एकाच वाक्यात सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन दोन्ही आहेत. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द. जुन्या काळातले मोठे ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिन यांनी हाच मुद्दा मांडला होता: शिक्षा संपणारी म्हणाल तर जीवनही संपणारं म्हणावं लागेल. एका पायात चप्पल आणि दुसरा अनवाणी असं चालत नाही.

प्रमाणाबद्दल तर्कटींना मध्ययुगातलं जुनं उत्तर देतो. अपराध किती मोठा हे तो करायला किती वेळ लागला यावरून ठरत नाही. खून एका क्षणात होतो. अपराध कुणाविरुद्ध केला हे बघावं लागतं. अनंत महिमा असलेल्या देवाविरुद्धचा अपराध अनंत ठरतो. थॉमस अक्वायनसने हे मांडलं आहे.

शिवाय देव कुणाला ढकलत नाही. माणूस आयुष्यभर देवाला नको म्हणतो, आणि देव शेवटी त्याचं ऐकतो. प्रेम म्हटलं की नकाराची मोकळीक आलीच.

तात्यांचं काय झालं हे ठरवायला मी कोण? न्याय करणारा तो आहे.

तर्कटी

अपराध कुणाविरुद्ध केला त्याच्या पायरीवरून शिक्षा ठरवायची? हे मी आधी कुठेतरी वाचलंय. मनुस्मृतीचा आठवा अध्याय. शिवी कुणी कुणाला दिली, त्यावर दंड. ज्याला दिली तो वरचा असेल तर दंड जास्त, खालचा असेल तर कमी. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०२ साली निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या गावच्या माणसांनी तरी हा न्याय देवाच्या नावावर खपवून घेऊ नये.

आणि "नकाराची मोकळीक" म्हणाल, तर तात्यांनी नकार कधी दिला? त्यांना कुणी नीट विचारलं तरी होतं का? माळ घालून विठ्ठलाला "देवा" म्हणणाऱ्या माणसानं देवाला नको म्हटलं, असं म्हणायला फार मोठी छाती लागते.

सागरोपम

आयडीवरून कळलंच असेल, आम्ही जैन. आमच्याकडे सात नरक आहेत, एकाखाली एक, आणि तिथलं आयुष्य सागरोपमात मोजतात. सागरोपम म्हणजे किती हे लहानपणी आज्जी एक खड्डा, त्यात ठासून भरलेले केस आणि शंभर वर्षांनी एक केस काढायचा असं काहीतरी सांगून समजवायची. ते पल्योपम, आणि तशी कोट्यवधी पल्योपमं म्हणजे एक सागरोपम. थोडक्यात, संपता संपत नाही असं वाटतं, पण संपतं.

मला ह्यातली सगळ्यात आवडती गोष्ट राजा श्रेणिकाची. महावीरांचा एवढा भक्त, पण आधी बांधलेल्या कर्मामुळे पहिल्या नरकात गेला. आमच्या श्रद्धेप्रमाणे तो आत्ता, तुम्ही हा प्रतिसाद वाचताय तेव्हा, तिथंच आहे. आणि पुढच्या चोविशीतला, म्हणजे पुढच्या चोवीस तीर्थंकरांतला, पहिला तीर्थंकर तोच होणार आहे. नरकात बसलेल्या माणसाची मूर्ती उद्या देवळात असेल. लहानपणी हे ऐकल्यावर मला नरकाची भीती वाटेनाशी झाली, उलट तिथल्या लोकांबद्दल आदरच वाटायला लागला.

प्रामाणिकपणे हेही सांगते की आमच्यातही "अभव्य" जीव मानतात, ज्यांना मोक्ष कधीच नाही. तेव्हा आम्ही फार उदार आणि बाकीचे कडक, असं चित्र रंगवायला नको.

अर्धवट_शास्त्री

सागरोपम ताईंचा शेवटचा परिच्छेद आवडला, म्हणून मीही घरचं काढतो. "हिंदू नरक तात्पुरता" हे सरसकट खरं नाही. भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरक मोजलेत, ते कर्म संपलं की संपतात, हे बरोबर. पण तेराव्या शतकातल्या मध्वाचार्यांनी जीवांचे तीन वर्ग केले. त्यातले तमोयोग्य जीव अंधतमसात जातात आणि परत येत नाहीत. आमच्या आईकडचे लोक माध्व. आजोबा बाकी सगळं मानायचे, पण ह्यावर विचारलं की पंचा झटकून उठायचे.

आता माझा प्रश्न वचनबद्धांना. खाली जाणाऱ्यांचं सोडा, वर गेलेल्यांचं काय? जास्वंदीताईंची आज्जी स्वर्गात आहे असं धरा. तिला पाठीवरून काढणारा माणूस खाली जळतोय. आज्जी काय करतेय? हे तिला माहीत नसेल तर तो स्वर्ग फसवणुकीवर उभा आहे. माहीत असून ती आनंदात असेल तर ती आज्जी राहिली नाही, दुसरंच कुणीतरी झाली. तुमच्याच परंपरेत मोठ्या लोकांनी लिहून ठेवलंय की दंड झालेल्यांच्या यातना स्वर्गातल्या संतांना दिसतात आणि त्यानं त्यांचा आनंद कमी होत नाही. हे मला त्या ज्वाळांपेक्षा भयंकर वाटतं.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि दुर्योधन सिंहासनावर बसलेला बघतो. भाऊ कुठे म्हणून विचारतो, तर देवदूत त्याला घाणीच्या, अंधाऱ्या वाटेनं नेतो. तिथं भावांचे आवाज येतात. दूत म्हणतो, चला परत. युधिष्ठिर म्हणतो, तू जा, मी इथंच थांबतो. मार्कंडेय पुराणात विपश्चित राजा आहे. क्षुल्लक चुकीसाठी त्याला क्षणभर नरकात आणलं. निघताना तिथले लोक ओरडले की तुझ्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्यानं आम्हाला बरं वाटतंय. तो जागचा हललाच नाही. यम आणि इंद्र न्यायला आले तरी नाही. शेवटी स्वतःचं पुण्य देऊन सगळ्यांना सोडवलं तेव्हा निघाला.

गोष्टीतल्या माणसांना जे सुचलं ते देवाला सुचत नाही, असं कसं मानायचं?

पापाच्या_तिकटीवरून

शास्त्रीबुवा, अर्धवट कशाला म्हणवून घेताय, नाद खुळा लिवलंय.

संपादक मंडळ

धर्मांतर, परदेशी पैसा आणि "तुमच्यात काय चालतं बघा" या विषयांवरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत आणि तेही कुलूपबंद आहेत.

कोडोलीकर

मनुस्मृतीचं नाव निघालं म्हणून लिहितो. एरवी वाचूनच गप्प बसलो असतो.

माझ्या पणज्यानं बाप्तिस्मा घेतला. आमची वस्ती गावाबाहेर, विहिरीवर जायची सोय नाही, वरून कुणीतरी ओतलं तर ओंजळीत पाणी. ह्या माणसाला "देव प्रेम आहे" एवढ्यानं भागलं नसतं. त्याला देव न्याय करतो हे ऐकायचं होतं. नरक अनैतिक आहे असं म्हणणं ज्यांचं कधी कुणी काही लुबाडलं नाही त्यांना सोपं जातं. सगळ्यांना शेवटी एकाच पंगतीत बसवणार म्हणता. मग सावकारानं गिळलेली जमीन, बाईमाणसाची काढलेली अब्रू, ह्याचा हिशोब कुणी घ्यायचा?

पणज्याची आवडती गोष्ट लूक १६ मधली, श्रीमंत माणूस आणि लाजराची. लाजर त्याच्या दारात फोडांनी भरून पडलेला, उष्ट्या तुकड्यांची वाट बघत. दोघं मरतात. श्रीमंत खाली यातनेत, लाजर वर अब्राहामाच्या उराशी. आणि आता श्रीमंत काय मागतो? लाजरानं बोटाचं टोक पाण्यात बुडवून माझी जीभ थंड करावी! ज्याची सावली नको होती त्याच्या बोटाचं पाणी हवंय. आमच्या वस्तीत हा उतारा वाचला की म्हातारी माणसं हसायची. मोठ्यानं.

पण नीट वाचा. तो अजूनही लाजराशी बोलतच नाही. अब्राहामाला सांगतो, "त्याला पाठव." पाणी घेऊन पाठव. ते नाही जमलं तर माझ्या भावांकडं निरोप घेऊन पाठव. खाली जळतोय तरी गडी कामाला लावायची सवय जात नाही.

माझ्या आज्जीला मी एकदा विचारलं होतं की त्या श्रीमंताला तिथं किती दिवस ठेवायला पाहिजे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "पाणी मागायला लागला न्हवं? बास की मग."

वचनबद्ध

कोडोलीकर, तुमच्या आज्जीपुढे माझं काही चालणार नाही. पण त्याच उताऱ्यात पुढे "मोठी दरी" आहे. इकडून तिकडे कुणाला जाता येत नाही.

कोडोलीकर

आहे. पण दरी खणली कुणी? लाजर त्याच्या दारातच पडला होता. चार पावलांचं अंतर होतं, त्यानं ते आयुष्यभर ओलांडलं नाही.

वचनबद्ध

माझं तेच म्हणणं आहे. आतून कडी लावलेली आहे.

कोडोलीकर

मग बाहेरून कुलूप कशाला?

जुना_मास्तर

दोन दिवस वाचतो आहे. गुडघा दुखतो, हातही चालत नाही नीट, तरी जरा लांबण लावतो. तरुणांनी सांभाळून घ्यावे.

पहिली गोष्ट शब्दांची. आपल्या मराठी बायबलात "अधोलोक" येतो आणि "नरक" येतो, ते एक नव्हे. अधोलोक म्हणजे इब्रीतला शिओल, ग्रीकमधला हेडीस, मेलेल्यांची जागा. येशूच्या तोंडी जो नरक येतो तो मूळ "गेहेन्ना", म्हणजे यरुशलेमेच्या दक्षिणेची हिन्नोमाची दरी. अनेक प्रवचनांत सांगतात की तिथे गावचा कचरा जळत असे. त्याला त्या काळचा पुरावा नाही, ही माहिती फार उशिरा, १२०० च्या सुमारास एका यहुदी भाष्यात येते. पुरावा आहे तो वेगळ्या गोष्टीचा. त्या दरीत लोक आपली पोरे अग्नीत होमत असत. आणि यिर्मया ७:३१ काढून पाहा, देव काय म्हणतो. मुलामुलींना अग्नीत जाळण्याची आज्ञा मी दिली नव्हती, ते माझ्या मनातही आले नव्हते. ज्या दरीचे नाव आपण नरकाला दिले, तिच्याविषयीच देवाने हे म्हटले आहे. मी पन्नास वर्षे बायबल वाचतो, पण हे दोन संदर्भ शेजारी ठेवून कधी वाचले नव्हते. ह्या धाग्यामुळे वाचले.

दुसरे, "सार्वकालिक". ग्रीक शब्द "आयोनिओस", "आयोन" म्हणजे युग यावरून आलेला. रोम १६:२५ मध्ये तोच शब्द होऊन गेलेल्या युगांसाठी आहे, म्हणजे संपलेल्या काळासाठी. शिक्षेसाठीचा "कोलासिस" हा शब्दही मुळात झाडाच्या छाटणीचा. ॲरिस्टॉटल म्हणतो, कोलासिस ही भोगणाऱ्याच्या भल्यासाठी असते, सूड घेणाऱ्याच्या समाधानाची ती वेगळी. आता वचनबद्ध म्हणतील की नव्या कराराच्या काळापर्यंत हा भेद पुसट झाला होता. बरोबर आहे, झाला होता. एका शब्दावर इमारत उभी राहत नाही, त्यांचीही नाही आणि माझीही नाही.

तिसरे, हे नवे खूळ नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन ह्या ख्रिस्ती विचारवंताला आशा होती की शेवटी सारे परत देवाकडे येतील. त्याची मते ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास धिक्कारली गेली. पण चौथ्या शतकातला निस्साचा ग्रेगरी जवळजवळ हेच म्हणत होता, आणि तो आजही संत आहे. प्रकटीकरण ह्या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले "दुसरे मरण" शब्दशः घेऊन, दुष्ट कायमचे जळत नाहीत तर नाहीसे होतात, असे मानणारेही आहेत. इंग्लंडच्या चर्चच्या १९९५ च्या एका अहवालात नरकाला यातनांपेक्षा अस्तित्वाचा पूर्ण अभाव म्हटले होते. कॅथलिकांनी १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेत म्हटले, स्वतःच्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात, त्यांचेही तारण होऊ शकते. तात्यांची माळ तिथे बसते.

आता आपल्या मातीतले. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. १८७० मध्ये त्यांचे मिशनचे काम प्रेसबिटेरियन पंथाकडे गेले. वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथेच, कोल्हापुरात जन्मला. १८८६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत माउंट हर्मन येथे ह्या कोल्हापूरच्या पोराच्या खटपटीने शंभर विद्यार्थी परदेशी मिशनला जायला तयार झाले. "ह्याच पिढीत साऱ्या जगाला सुवार्ता" हे त्या चळवळीचे घोषवाक्य. एवढी घाई कशाची? न ऐकता मेलेल्यांचे काय होईल ही धास्ती त्या घाईत मोठी होती.

आणि त्याच १८८६ च्या उन्हाळ्यात, त्याच अमेरिकेत, अँडोव्हरला दुसरा एक आपल्याकडचा माणूस बोलायला उभा राहिला. रॉबर्ट ह्यूम, जन्म मुंबईचा, काम अहमदनगरचे. ज्यांनी ख्रिस्ताचे नाव ह्या जन्मी ऐकलेच नाही त्यांना मरणानंतर संधी मिळेल, ह्या विचाराच्या बाजूने तो बोलला. मोठा गदारोळ झाला. त्याला परत हिंदुस्थानात पाठवावे की नाही यावर त्याची मिशन संस्था, अमेरिकन बोर्ड, अडून बसली. शेवटी पाठवले. अहमदनगरात राहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नसणार. नवा माणूस बाप्तिस्मा घेताना आधी विचारतो तो बापजाद्यांचे. माझा बाप कुठे आहे, साहेब? आता ह्याला काय सांगायचे? तुझा बाप जळतो आहे, तू ये?

ह्यूमच्याही आधी, १८७७ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंतहीन यातनांविरुद्ध प्रवचने देणारा फ्रेडरिक फरार नावाचा धर्मोपदेशक, तोही १८३१ साली मुंबईतच जन्मलेला. योगायोग असेल. मला तसा वाटत नाही. ज्याने लहानपणी हिंदू आयेच्या मांडीवर खेळले असेल त्याला ती नरकात जाते हे पचायला जड जात असावे. हा माझा अंदाज, पुरावा मागू नये.

तर्कटी

मास्तर, दंडवत. वाद घालायला आलो होतो, वही काढून बसलो.

एक शंका. तान्ह्या मुलांचं काय? बाप्तिस्म्याआधी गेलेल्यांचं?

जुना_मास्तर

ऑगस्टिनने त्यांनाही सोडले नव्हते, फक्त सर्वांत सौम्य शिक्षा म्हणाला. पुढे कॅथलिकांत "लिंबो"ची, म्हणजे अशा बाळांसाठी स्वर्ग नाही पण यातनाही नाहीत अशा जागेची, कल्पना आली, आणि २००७ मध्ये त्यांच्याच धर्मशास्त्र आयोगाने म्हटले की अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला जागा आहे. आमच्या प्रेसबिटेरियन कबुलीत, म्हणजे विश्वासाच्या लेखी मांडणीत, सतराव्या शतकापासून (देवाने) "निवडलेली बालके" तरतात असे लिहिलेले होते. म्हणजे न निवडलेली? हा प्रश्न आयांनी विचारला असेलच. १९०३ साली अमेरिकेतल्या मंडळीने स्पष्टीकरण जोडले की बालपणी मरणारी सर्व बालके निवडलेलीच समजावीत. अडीचशे वर्षे लागली.

सांगायचे हे की शिकवण बदलते. तुकाराम वाचून ख्रिस्ताकडे आलेले ना. वा. टिळक आमच्याच घरचे. तुकोबाच्या पुलावरून मी ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असे ते म्हणत. पूल वापरायचा आणि पूल बांधणाऱ्याला खाली ढकलायचे, हे टिळकांना जमले असते असे मला वाटत नाही.

वचनबद्ध

मास्तर, तुम्ही मला पाचवीत शिकवलंय, त्यामुळे जपून लिहितो. तुमचं लिहिणं तीनदा वाचलं.

माझी अडचण वेगळी आहे. शिकवण मला आवडते म्हणून मी ती धरलेली नाही. माझे वडील दारूत गेले. मंडळीत नाव होतं, घरात आम्हाला पट्ट्यानं मारायचे. शेवटपर्यंत पश्चात्ताप नाही. नरक नाही असं मला कुणी सांगितलं तर सगळ्यात आधी सुटका माझीच होईल. म्हणूनच मला त्या सुटकेची भीती वाटते. मला हवं ते मी शास्त्रातून काढून घेतोय का, ही भीती. पौलानं रोम ९ मध्ये लिहिलंय की माझ्या भाऊबंदांसाठी मी स्वतः ख्रिस्तापासून तुटायला तयार आहे. ते वाचतो आणि पुस्तक मिटतो. त्याच्या पुढं जाता येत नाही मला.

सागरोपम

वचनबद्ध, दादा, हे लिहायला सोपं गेलं नसेल.

अर्धवट_शास्त्री

+१. माझ्या आधीच्या प्रतिसादातला खवचटपणा मागे घेतो. मुद्दा ठेवतो.

जास्वंदी (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, घरात पाहुणे होते.

आधी तो वर्ग. मी भांडायच्या तयारीनं गेले होते. शिकवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. मी सांगितलं तसं ती गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, मलाही असंच शिकवलं होतं. मी तिसरीत असताना रोज रात्री आईच्या नाकाशी हात धरून बघायचे. ती झोपेत गेली आणि तिनं नीट प्रार्थना केली नसेल तर, म्हणून." एवढं होऊन तिनं तेच चित्र पुन्हा फळ्यावर काढलं. का काढलं म्हणून विचारलं तर म्हणाली, पुस्तकात तसंच आहे. माझा राग कुठं ठेवायचा तेच कळेना. दोघी चहा पिऊन आलो.

मग भाची. मास्तर, तुमचा यिर्मया मी तिला वाचून दाखवला नाही, पोरं जाळायची गोष्ट त्या रात्री नको वाटली. कोडोलीकरांच्या आज्जीची गोष्ट सांगितली, ती तिला कळली नाही, पण भाकरीचा भाग आवडला. शेवटी मी सरळ म्हटलं, मला माहीत नाही. मला नक्की माहीत असलेली एकच गोष्ट सांगते. आणि तिला परत कवळीची गोष्ट सांगितली. तिनं ती शंभरदा ऐकलीय. पाणी कुठवर होतं, तात्यांनी कुठली शिवी दिली (ती मी बदलून सांगते, तिला खरी माहीत आहे), डबी कुठल्या फळीवर होती.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "येशू पण जाईल की परत आणायला. त्याला तर पाण्यावरून चालता येतं."

आणि झोपली. मी जागी होते.

पापाच्या_तिकटीवरून

ताई, आफिसात बसून वाचालोय. डोळ्यात कचरा गेला.

वचनबद्ध

ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मत्तय २५ अजून जिथं आहे तिथंच आहे, हेही खरं. दोन्ही गोष्टी घेऊन रविवारी वर्गात उभा राहीन.

तर्कटी

माझा हिशोब बदललेला नाही. पण पोरीचं वाक्य वहीत लिहून घेतलंय.

पापाच्या_तिकटीवरून

अवांतर. आपल्या पंचगंगेवर अंत्यसंस्काराला पैसे घेत न्हाईत, लोकांनी दिलेल्या शेणीवर (गोवऱ्यांवर) लई भागतंय. आमचं मंडळ तात्यांच्या नावानं येत्या रविवारी शेणी पोचवणार हाय. कुंभार गल्लीत तात्यांना कोण वळखत नव्हतं? टेंपो ठरलाय. ताई, छोटीला घिऊन या, वर चढवायला हात लागत्यात.

जास्वंदी (धागाकर्ती)

येतो आम्ही. पण उपासना दहाला सुटते, त्यानंतर चालेल का?

पापाच्या_तिकटीवरून

चालतंय की. साडेधाला निघू. तवर मिसळ खातो.

वचनबद्ध

माझाही वर्ग दहालाच सुटतो. पन्नास शेणी माझ्याकडून धरा. टेंपो कुठं उभा राहणार आहे?